साहेबाचा तवा आणि नानांची दोरी

आमच्या हायस्कुलाच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात परवा एका गृहस्थाने नानांची गोष्ट सांगून टाळ्या मिळवल्या. गृहस्थ सज्जन आहे, धुळ्यात त्याला मान आहे आणि त्याने सांगितलेली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकीची आहे. तो म्हणाला, "पदार्थविज्ञानाचे आमचे नाना विजेला इतके भीत, की मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे ते गळ्यात वायर घालून बसले आणि विजेचा तवा काही लावू दिला नाही. आणि गंमत म्हणजे, तो तवा पाण्यात बुडवला होता त्यांनीच! जन्मभर आम्हाला बुडवू नका, बुडवू नका म्हणणाऱ्यांनी!"

सभागृह हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या मला, त्यांचा समकालीन म्हणून, वक्त्याने हात जोडून साक्षीला घेतले. मी मान हलवली नाही. पण उठून उभाही राहिलो नाही. माझ्याबद्दल गावात जे मत आहे त्याला हे शोभण्यासारखे नव्हते. चुकीचा श्लोक म्हणणाऱ्या कीर्तनकाराला मी भर कीर्तनात थांबवले आहे. तेव्हा त्या दिवशी न केलेले काम आता कागदावर करतो.

प्रथम भीतीविषयी. नाना विजेला भीत नव्हते. देवपुरात वीज आली तेव्हा आमच्या गल्लीत पहिला दिवा त्यांच्या घरी लागला. खांबावर चढलेल्या माणसाला खालून सूचना देणारा आणि त्या न ऐकल्याबद्दल त्याला खाली उतरवून चहा पाजणारा दुसरा कोणी नव्हता. भिणारा माणूस विजेपासून लांब राहतो. नाना तिच्याशी नियमाने वागत, एवढेच. "वीज कधी नियम मोडत नाही, पंडित," ते मला म्हणत, "मोडतो तो आपण. आणि मग म्हणतो, वीज दगाबाज." मी संस्कृत शिकवीत असे म्हणून पंडित. या संबोधनात आदर किती आणि थट्टा किती हे मी अखेरपर्यंत ठरवू शकलो नाही.

त्यांचा एक नियम तर साऱ्या धुळ्याला ठाऊक होता. अनोळखी वस्तूला तळहात लावायचा नाही, हाताची पाठ लावायची. "झटका बसला तर मूठ आवळते. तळहात लावलात तर वस्तू धरून बसाल. पाठ लावलीत तर हात आपोआप मागे येईल." तत्त्व निर्विवाद होते. पण सवय तत्त्वापेक्षा लांब जाते. नाना दाराची कडी हाताच्या पाठीने चाचपत, मोटारीचे झाकण चाचपत, तापलेल्या विद्यार्थ्याचे कपाळ चाचपत. एका बारशाला त्यांनी बाळाच्या गालावरून उलटा हात फिरवला, तेव्हा बाळाच्या आजीने विचारले, "मास्तर, पोरगं काय इस्तव शे का?" इस्तव म्हणजे विस्तव. नाना गंभीरपणे म्हणाले, "अजून ठरलेलं नाही." आजीने त्यांना पुढच्या बारशाला बोलावले नाही.

आता तव्याविषयी. जळगावच्या एका गिरणीतला गोरा इंजिनिअर मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातील सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, घड्याळे घेतली, एकाने तर टोपीही घेतली. नानांनी एक लोखंडी पेटी घेतली. बिजागरीने जोडलेल्या दोन जाड, रेघारेघांच्या पाट्या, त्यांच्या पोटात तापणारी तार आणि मागच्या भोकात बसवायची, कापडी वेष्टनाची, दोन्ही टोकांनी सुटी होणारी वायर. या पाट्यांमध्ये साहेब मांस भाजत असे. नाना त्यात वांगी भाजू लागले.

खानदेशात हे सांगणे म्हणजे काय, हे खानदेशी वाचकाला वेगळे समजावून द्यायला नको. भरिताचे वांगे कपाशीच्या पळाट्यांवरच भाजायचे. वाळलेल्या झाडांच्या त्या जाळाचा धूर वांग्यात उतरला नाही तर ते भरीत नव्हे, असा आमच्याकडे घराघरांत एकमुखी निर्णय आहे. नाना तर वांगे सुरीने उभे चिरून, तेलाचे बोट लावून, दोन पाट्यांत दाबून भाजत. उष्णता जाळाची असो की तारेची, वांग्याला सारखीच, असे ते वर्गातल्या तटस्थतेने सांगत. मी एका रविवारी दोन घास खाऊन म्हणालो, "नाना, चव कमी आहे."

"आहेच," ते म्हणाले. "चवीसाठी कोण भाजतंय?"

कशासाठी भाजत असत, हे भाजून झाल्यावर कळे. माझे स्पष्ट मत आहे, आणि ते कोणी खोडून दाखवावे, की नाना तो तवा वापरीत ते तो स्वच्छ करता यावा म्हणून.

तो विधी मी किमान पन्नास रविवार पाहिला आहे. मेळाव्यातल्या वक्त्याने एकदाही पाहिलेला नाही. प्रथम भिंतीवरचे बटण बंद. बटणावर नानांचा विश्वास नव्हता: "बटण हा साक्षीदार आहे, पंडित. साक्षीदार फुटतो." म्हणून मग वायर भिंतीतून काढायची, तीही टोकाचा ठोकळा धरून, वायरीला हिसका न देता. मग ती तव्यातूनही काढायची. आणि मग ती काढलेली वायर, तिला ते दोरी म्हणत, उपरण्यासारखी स्वतःच्या गळ्यात घालायची. "दोरी माझ्या गळ्यात आहे, म्हणजे ती भिंतीत नाही. हा पुरावा." तवा पुसून, वाळवून, कपाटात जाईपर्यंत ती गळ्यातून उतरत नसे. त्या अवस्थेत ते दारी आलेल्या माणसाशी बोलत, पोस्टमनकडून पत्रे घेत. एकदा तसेच नदीच्या पुलापर्यंत फिरूनही आले.

दोरी गळ्यात पडली की थांबणे. तापलेल्या तव्याला फडके लावायचे नाही. पण पार थंडही होऊ द्यायचा नाही, कारण तेल थिजून बसते. हाताची पाठ पाटीजवळ नेत, मागे घेत, ते कोमट होण्याची वाट पाहत. मग बांबूची चपटी काडी घेऊन रेघारेघांतून जळकी साल काढायची. लोखंडी उलथने चालत नसे, ओरखडे पडतात म्हणून. मग ओले फडके, तेही इतके पिळलेले की ते दोन्ही हातांनी पुन्हा पिळून, खाली कोरडा कागद ठेवून, थेंब पडत नाही याची खात्री करून घेत. थेंब पडला तर पुन्हा पिळा. मग कोरडे फडके. मग तेलाचा पुसट हात. शेवटी दोरीचे कापड टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवीत कुठे झिजले नाही ना ते बघायचे. तव्याला पाणी दाखवायचे नाही, हा या विधीचा महामंत्र होता. त्यांची विधवा थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, ओसरीवरून म्हणे, "देवनी पूजा इतली करता तर मोक्ष भेटता."

"देवाच्या पोटात तार नाही, अक्का," नाना म्हणत.

अक्काचे दुःख वेगळे होते. त्या तव्यावर मांस भाजले गेले होते आणि तो घरात आल्यापासून एकदाही धुतला गेला नव्हता. आमच्याकडे असल्या भांड्याला एकच प्रायश्चित्त: राख, चिंच आणि तीनदा धार धरून पाणी. पितळेचे असो, लोखंडाचे असो, साहेबाचे असो की भावाचे असो. नानांचे म्हणणे, इतक्या तापातून गेलेली वस्तू अग्नीनेच शुद्ध झाली. अक्का ते ऐकून घेई आणि रविवारी फक्त भाकरी-ठेचा खाई.

हे सगळे गल्लीतल्या गल्लीत राहिले असते. पण नानांची मुलगी कुसुम लग्नाची झाली आणि स्थळ मी आणले. माझे मूळ गाव चोपडा. तिथले एक केळीवाले आबा माझ्या वडिलांच्या ओळखीतले, माळकरी, शब्दाचे पक्के. मुलगा शिकलेला होता. कुसुमला तो एका लग्नात दिसला होता आणि तिने अक्काजवळ "बघा बाई तुम्हीच" असे म्हटले होते. आमच्या काळी मुलीने याहून अधिक होकार देण्याची रीत नव्हती. नाना तोंडाने काही बोलत नसत, पण त्या आठवड्यात त्यांनी बैठकीतल्या दिव्याची काच चार वेळा पुसली. मुलगी त्यांची एकुलती एक होती, आई नसलेली.

आबांपर्यंत तव्याची कीर्ती पोहोचलेली होती. त्यांनी मला गाठून विचारले, "मास्तरना घरमा मटनना तवा शे म्हनतंस. धोयेल बी नही म्हनतंस. खरं शे का?"

आता इथे माझ्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. मी म्हणालो, "आबा, तो तवा विधिपूर्वक शुद्ध केलेला असेल. मी शब्द देतो."

"तुमना शब्द शे त मंग झायं," आबा म्हणाले आणि त्यांनी दिवस कळवला.

नानांनी त्या दिवशी विजेच्या तव्यावरचेच भरीत करायचे ठरवले होते. "माझं घर जसं आहे तसं दिसू दे," असे त्यांचे म्हणणे. तवा निदान एकदा धुवावा, असे मी त्यांना आडून सुचवून पाहिले. त्यांनी मला पाण्याचे गुण सांगितले.

त्या सकाळी काय घडले याच्या तीन कथा गावात आहेत. पहिलीत नानांनी सोयऱ्यांच्या धाकाने तवा धुतला. दुसरीत अक्काने धुतला. तिसरीत तवा धुतलाच नव्हता, नाना ऐनवेळी घाबरले. पहिली कथा सर्वांत लोकप्रिय आहे, कारण ती खुद्द नानांच्या तोंडची आहे. तिन्ही खोट्या आहेत.

नाना वांगी आणायला स्वतः बाजारात गेले होते. वांग्याचे देठ, वजन, आवाज पारखून घ्यायला त्यांना तास लागे. मी त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा अक्का ठेचा वाटीत होती. मी कपाटातून तवा काढला, मागच्या दगडावर नेला आणि राख-चिंचेने घासून त्यावर तीन घागरी ओतल्या. माझा शब्द गेलेला होता. मी खोटे बोलत नाही. म्हणून बोललेले खरे करणे मला भाग होते. अक्काने खिडकीतून पाहिले.

"बरं करं भाऊ," ती म्हणाली. "मी त सांगी सांगी थकनू."

तवा मी उन्हात ठेवला, आतबाहेर पुसला आणि पुन्हा कपाटात ठेवला. तो लखलखत होता. मला वाटले, इतक्या वर्षांत त्याची अशी सेवा झाली नसेल.

आबा आले, त्यांच्याबरोबर त्यांचे मेहुणे आणि गावातले दोन प्रतिष्ठित आले. कुसुमने पोहे दिले, नमस्कार केला, नाव सांगितले. आबा प्रसन्न होते. नानांनी बैठकीतच पाट मांडून तवा आणला, दोरी आणली, आणि वापरण्यापूर्वी दर वेळी पाहत तसे पाहू लागले. बिजागरीशी त्यांचे बोट थांबले. बोटाला करडा, ओलसर गाळ लागला होता. त्यांनी तवा कानाशी नेऊन हलकेच तिरपा केला. मग माझ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे. माझ्या नखांत राख होती. मी हात उपरण्यात घेतले.

"मास्तर, भांडं धोयेल शे ना?" आबांनी मोकळेपणाने विचारले.

'नाही' म्हटले तर सोयरीक तिथेच संपत होती, आणि माझा शब्दही.

"धुतलंय," नाना म्हणाले.

"आमना पंडितजीनी सांगेल व्हतं. कोनी धोयं?"

"मी." आयुष्यभरात मी त्यांना खोटे बोलताना पाहिले ते एवढेच. लगेच त्यांनी दोरी उचलली आणि गळ्यात घातली. "आणि म्हणूनच आज तो लावता येणार नाही. आठ दिवस उन्हात राहू दे. अक्का, मागे पळाट्या पेटव."

आबांचे मेहुणे हसले. "हाई कसं शास्त्र शे मास्तर? न धोयेल व्हतं तवय चालस, अन् धोयं की चालस नही?"

"होय. असंच आहे."

"मास्तर भ्यायनात!" मेहुणे म्हणाले. भीतीच्या दंतकथेचा जन्म हाच. मी तिथे हजर होतो. आबाही हसत पुढे सरकले. ते थट्टेच्या लहरीत होते. "आना इकडे, मी लावस. केळीना बागमा इच्चू पकडेल शे मी, हाई काय शे!" आणि त्यांनी नानांच्या गळ्यातल्या दोरीचे लोंबते टोक धरून ओढले. नाना पुढे झुकले. सगळे हसले. मीही हसलो असेन. दुसरे टोक गळ्यातून सुटू लागले, आबांचा डावा हात तव्यावर होता, आणि भिंतीतले भोक हाताच्या अंतरावर होते.

नानांनी आबांचे मनगट पकडले.

हाताच्या पाठीने नव्हे. तळहाताने, मूठ आवळून.

"सोडा," ते म्हणाले. 'आबा' नाही, 'कृपा करून' नाही. "सोडा म्हणतो ना!"

लग्नात ज्याचे पाय धुवायचे त्याचा हात मुलीच्या बापाने चारचौघांत असा पकडला, याला आमच्याकडे शब्द नाही, कारण तसे कधी घडत नाही. आबांनी दोरी सोडली. मनगटाकडे पाहिले. मागे अक्काच्या पळाट्या तडतडत होत्या. आबा भरीत खाऊन गेले, दोनदा मागूनही घेतले. अन्नाशी त्यांचे भांडण नव्हते. दारात ते म्हणाले, "तवा सुकना की सांगज्यात. मंग येसूत." तवा सुकला. सांगायला माणूसही गेला. ते आले नाहीत.

कुसुमचे लग्न पुढल्या वर्षी नंदुरबारकडे झाले आणि ती सुखात राहिली. 'झाले ते बरेच झाले' असे आता सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. ते म्हणण्याचा अधिकार ज्याला सर्वांत कमी असा माणूस मीच आहे. त्या दुपारी पाहुणे गेल्यावर तिने पोह्यांच्या बश्या धुतल्या आणि एकेक बशी इतका वेळ पुसली, की अक्काने शेवटी ती हातातून काढून घेतली.

मी पुढचा रविवार चुकवला. त्याच्या पुढच्या रविवारी नानांचा निरोप आला: या. ओसरीवर पितळी परात मांडलेली होती. तव्याच्या तळाचे स्क्रू त्यांनी सैल केले आणि तवा परातीवर तिरपा धरला. आठ दिवसांच्या उन्हानंतरही आतून करडे पाणी निघाले. थेंब थेंब, मग लहानशी धार. दोन पळ्या तरी असेल. त्यात चिंचेचा एक रेशा होता.

"माणसाला एवढंही पुरतं, पंडित," ते म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडले. माझ्याजवळ शास्त्राधार तयार होता. शब्द पाळण्याविषयी दोन वचने मी येताना पाठही केली होती.

"असू दे," नाना म्हणाले. त्यांनी स्वतःच्या गळ्यातली दोरी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. "आता पुसा. काडी इथे आहे. फडकं पिळून दाखवा."

मी पिळले. कागदावर थेंब पडला.

"पुन्हा," नाना म्हणाले.

चोपड्यात त्यांनी शेवटपर्यंत 'मीच धुतला' असे सांगितले, धुळ्यातही तेच सांगितले, आणि वर्गात मुले तोंडावर हसली तेव्हा 'म्हणूनच सांगतो, बुडवू नका' असे म्हणून पुढचा धडा घेतला. जे अपघात होतात त्यांना साक्षीदार मिळतात. नानांनी जो होऊ दिला नाही त्याला एकच साक्षीदार होता, आणि तो नावाजलेला सत्यवादी होता.

नाना गेल्यावर अक्काने तवा मोडीत दिला. दोरी मी मागून घेतली. कापड विरले आहे, पण टोके शाबूत आहेत. मेळाव्याला निघताना त्या दिवशी ती मी खुंटीवरून काढली होती, गळ्यात घातली होती, आणि आरशात पाहून पुन्हा खुंटीला लावून गेलो होतो.